हा रॉबिन कोण?

"आली बघ सीआयडी," कोणीतरी हळूच म्हणालं आणि मेसच्या लांब टेबलावरची कुजबुज पटकन थांबली.

मी काय बहिरी होते? दारातच मला सगळं ऐकू आलं होतं. फिलोमिना म्हणत होती, "उद्या दुपारी. गच्चीवर. राउंड रॉबिन." मला बघितल्यावर तिनं आमटीत भाकरी बुडवली आणि जणू जन्मात कधी बोललीच नाही असा चेहरा केला.

मी शेवटच्या खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी. ती नेहमीच रिकामी असायची. समोर माझी बाटली ठेवली. सलाइनची जुनी काचेची बाटली, त्यात उकळून गाळलेलं पाणी. रोज संध्याकाळी आत्या ती आयाबाईबरोबर पाठवायची आणि रोज संध्याकाळी सगळ्या पोरी त्या बाटलीकडे अशा बघायच्या, जसं काही मी त्यांच्यासमोर श्रीखंड खातेय.

आता सांगूनच टाकते. घाटावरच्या एका गावात ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, गावाचं नाव कशाला घ्या. तिथं आम्ही नर्सिंगचं ट्रेनिंग घ्यायचो. आमच्या हॉस्टेलची होमसिस्टर म्हणजे मथुरा इंगवले, माझी सख्खी आत्या. तिनं लग्न केलं नाही. माझ्या वडिलांनी मला तिच्या हवाली केलं ते "हिला आपल्या पायावर उभी कर" एवढंच सांगून. पायावर उभी राहिले मी, पण पहिल्या दिवसापासून बॅचमधल्या पोरींनी मला वाळीतच टाकलं. कोणाची लिपस्टिक सापडली, नंदानं सांगितलं. कोणी सिनेमाला जाताना पकडली गेली, नंदानं सांगितलं. देवाशप्पथ सांगते, मी एक अक्षर बोलले नव्हते. आत्याचे कान इतके तिखट होते की तिला चहाडखोराची गरजच नव्हती.

हेही तिनं ऐकलंच होतं. जेवण होतं न होतं तोच आयाबाई बोलवायला आली.

आत्या क्वार्टरमध्ये खुर्चीत ताठ बसली होती. दार लावायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नंदे, हा रॉबिन कोण?"

"कोण रॉबिन?"

"मला वेडी समजू नकोस. बाथरूमपाशी पोरी बोलत होत्या. राउंडचा रॉबिन. राउंडला येणारा. कोण आहे तो? नवीन आलेल्या डॉक्टरांपैकी आहे का?"

आता हॉस्पिटलात राउंड म्हटलं की आम्हाला एकच राउंड ठाऊक. सकाळी मोठे डॉक्टर पुढे, बाकीचे त्यांच्यामागे, आणि आम्ही चादरी ताणून उभ्या. मलाही तेच वाटलं. मनात म्हटलं, फिलोमिना वसईची ख्रिश्चन, रॉबिनही तसलंच नाव. जुळतंय की! आणि तेही गच्चीवर, दिवसाढवळ्या! एखादीचं नाव कुठल्या मुलाशी जोडलं गेलं की तिची ट्रंक फाटकाबाहेर जायची, आणि दाखल्यावर असा शेरा पडायचा की दुसरी कुठली संस्था तिला दारात उभी करायची नाही. फिलोमिनाचा मला राग होता, पण इतका नव्हता.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत करून घे," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच तपास सुरू केला. हॉस्पिटलात रॉबिन नावाचा कोणी नव्हता, पण एक्स-रेच्या खोलीत रूबेन पेणकर होता. पेणकडचा, बेने इस्राएली, सरळ माणूस, डोक्यावर तेल चोपडून भांग पाडणारा. रॉबिन आणि रूबेन यात आत्याला फारसा फरक वाटला नाही. मी ट्रॉली घेऊन बाहेर उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"पेणकर, हे राउंड रॉबिन काय प्रकरण आहे?"

"ते होय सिस्टर? मॅचेस असतात त्या," रूबेन मोठ्या उत्साहानं म्हणाला. "आम्ही कॅरमच्या खेळतो ना. त्यात कोणी एकदम बाद होत नाही. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सगळ्यांनी?" आत्या म्हणाली.

"हो. पाळीपाळीनं. कोणाला सोडायचं नाही."

आत्या बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या दंडाला धरून मला जिन्याखाली ओढलं. "शी, शी, शी! माझ्या हॉस्टेलात! नंदे, दुपारी तू गच्चीवर जायचं आणि काय बघशील ते मला येऊन सांगायचं. कळलं?"

मी गेले. आत्यानं सांगितलं म्हणून नाही गेले. मलाच राहवत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेला रॉबिन मला एकटीला का ठाऊक नसावा?

गच्चीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पाण्याच्या मोठ्या सिमेंटच्या टाकीच्या सावलीत सगळी बॅच गोल करून बसली होती. पुरुषाचा मागमूस नाही. मधे एक कोरा कागद, कागदावर मेसमधलं स्टीलचं ताट पालथं घातलेलं, आणि फिलोमिना ताटाच्या कडेनं पेन्सिल फिरवत होती. ताट उचललं. मग पोरी एकेक करून वाकू लागल्या, कागद थोडा फिरवायच्या, काहीतरी लिहायच्या, आणि बाजूला सरकायच्या. कोणी हसत नव्हतं. मला तर अंगारा-धुपाऱ्यातलाच काहीतरी प्रकार वाटला.

माझ्या हातून दार करकरलं. फिलोमिनानं झटकन ताट कागदावर टाकलं.

"बघितलंस? झालं समाधान? जा आता, सांग जाऊन."

"काय सांगू? ताटाची पूजा करताय म्हणून सांगू? रॉबिन कुठाय तुमचा?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कमल मोहिते, जिला कधीच तोंड आवरता आलं नाही, ती फुटली. "कसला रॉबिन घेऊन बसलीयेस? आपली सुमन वॉर्डात पिवळीधमक होऊन पडलीय ते दिसत नाही तुला? तिला कावीळ कशानं झाली? या टाकीत वाकून बघ एकदा. झाकण कधीचं फुटलंय, आत कबुतर कुजून पडलंय. तेच पाणी पितोय आम्ही."

"मग अर्ज करा की ट्रस्टकडे."

"केला होता. गेल्या वर्षी शकुंतलानं जेवणाबद्दल केला होता. पहिली सही तिची. बाकीच्यांच्या तिच्याखाली. काय झालं तिचं?"

काय झालं ते मला माहीत होतं. पुढारीपण करते म्हणून शकुंतलाला घरी पाठवलं, आणि खालच्या सगळ्यांनी आम्हाला तिनं फसवून सही करायला लावली असं लिहून दिलं. शकुंतला पुढं कुठल्याशा गावी शिवणकाम करायची म्हणे.

"मग मलाही द्या पेन," मी म्हटलं. "मीपण सही करते."

फिलोमिना उठून माझ्यासमोर आली. उंच, हाडकुळी पोर. नेहमी मस्करीत बोलायची, पण तेव्हा तिचा आवाज एकदम सपाट होता.

"तुझी बाटली वेगळी, तुझं पाणी वेगळं. तुला कसली तक्रार आहे गं नंदे? तू कशाला सही करतेस?"

खरंच होतं ते. मी खाली आले, संडासात जाऊन कडी लावली आणि रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले. मग तोंड धुतलं, त्याच टाकीच्या पाण्यानं, आणि आत्याला जाऊन सांगितलं, "गच्चीवर कोणी रॉबिन नाही. पोरी केस वाळवत बसल्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर तो कागद होता.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मधोमध टाकीबद्दलचा मजकूर, चार-पाच ओळी, सरळ आणि स्वच्छ. आणि त्याच्याभोवती गोल सह्या. आपली अक्षरं रेघेला लटकतात ना, तशी सगळी नावं त्या ताटाच्या गोल रेघेला लटकली होती, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. प्रत्येकीनं आपापल्या नावापुरती रेघ पेनानं गिरवली होती, म्हणून सगळ्यांची मिळून एकच शिरोरेषा झाली होती. कागद कसाही फिरवा, वर कोण, खाली कोण, काही कळायचं नाही.

"याला शेंडा ना बुडखा," आत्या म्हणाली. ती कागद गाडीच्या चाकासारखा फिरवत होती. "ऑफिसातल्या क्लार्कनं मला आणून दाखवला. म्हणतो, याला राउंड रॉबिन म्हणतात. हा तुमचा रॉबिन! आवकचा शिक्का पडलाय त्यामुळे फाडता येत नाही. संध्याकाळी सेक्रेटरी यायचेत. ते पहिला प्रश्न हाच विचारणार, पुढारीण कोण."

"कळणार नाही ना ते."

"न कळायला काय झालं?" आत्यानं बोट ठेवलं. "हे बघ. इथं जागा सुटलीय."

खरंच सुटली होती. गोल पुरा झालाच नव्हता. एका ठिकाणी नुसती पेन्सिलची फिकी रेघ, चांगली बोटभर, खाली नाव नाही. तिच्या एका कडेला कमल मोहिते, दुसऱ्या कडेला फिलोमिना तुस्कानो.

ती जागा माझी होती. मला हाकलून दिल्यावर त्यांना वाटलं असणार, ठेवूया हिच्यासाठी, येईल सही करायला. आणि त्या मोकळ्या जागेमुळेच त्यांचा घात होणार होता. गोलाला तोंड नसतं, पण फट पडली की तोंड आलंच.

"या दोघींपैकी एकीनं सुरुवात केली आणि दुसरीनं शेवट," आत्या म्हणाली. "कोणी केली सुरुवात?"

आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. फटीच्या उजवीकडे जी, ती पहिली. ते मला दिसत होतं आणि आत्यालाही कोणत्याही क्षणी दिसणार होतं. फिलोमिनाची ट्रंक मला फाटकाबाहेर दिसायला लागली. तिची आई वसईला दारोदार फुलं विकायची आणि पोरगी नर्स होणार म्हणून सगळ्या आळीत सांगत फिरायची.

"मला नाही माहीत."

"नंदे." आत्यानं पेन माझ्यापुढे धरलं. "मी दोनदा सांगितलं होतं ट्रस्टला टाकी साफ करायला. माणूस नाही म्हणाले. आता सगळं माझ्यावर येणार. या वयात मी कुठं जाऊ? तू यांच्यातली आहेस, तुझं लिहिणं ते मानतील. इथं मोकळ्या जागेत लिही. कोणी सुरुवात केली तिचं नाव लिही."

मी पेन घेतलं. आधी रेघ ओढली, कमलच्या शेवटच्या अक्षरापासून फिलोमिनाच्या पहिल्या अक्षरापर्यंत, एका दमात. मग त्या रेघेखाली लिहायला लागले. नुसतं नंदा लिहून जागा भरेना. म्हणून पूर्ण लिहिलं. नंदा यशवंत इंगवले.

गोल पुरा झाला.

आत्या वाचत राहिली. तिच्या भावाचं नाव होतं ते, तिच्याच आडनावाला लागून.

"कार्टे," ती म्हणाली. "हे काय केलंस?"

"कोणी सुरुवात केली विचारलंस ना? लिहिलं."

"खोटं आहे हे."

"असू दे. सही तर खरी आहे."

"मी तुला रोज उकळून पाणी पाठवत होते ना गं? तुला कशाला तक्रार?"

"ते पाणी मला एकटीला घशाखाली उतरत नाही आत्या. सगळ्या बघत असतात. सुमन तिकडे पिवळी पडलीय आणि मी बाटली लावून बसते. मला लाज वाटते."

आत्यानं कागद उचलला आणि खिडकीकडे तोंड केलं. मला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. मीच निघून आले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. रिटायर्ड हेडमास्तर, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. आम्हाला व्हरांड्यात ओळीनं उभं केलं. पोरींनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर तिथंच बसकण मारली असती. कमल दातओठ खात पुटपुटली, "सांगितलंस ना?" फिलोमिना माझ्याकडे बघतच नव्हती. ती फाटकाकडे बघत होती.

सेक्रेटरींनी चष्मा लावला, कागद फिरवला, मान वाकडी करून वाचला, पुन्हा फिरवला.

"सिस्टर, यात पहिली सही कोणाची?"

आत्या एक पाऊल पुढे आली. तिला फट आठवत होती, फटीच्या कडेची दोन्ही नावं आठवत होती. नुसतं बोट दाखवायचा अवकाश होता.

"मला तर कुठं सुरुवात दिसत नाही साहेब," ती म्हणाली. "माझ्या भावाची मुलगीपण आहे त्यात. तुम्हाला दिसत असेल तर बघा."

सेक्रेटरींनी अजून एकदा कागद फिरवला. मग घडी घातली, छत्री भिंतीला टेकवली आणि गच्चीचा जिना चढायला लागले. थोड्या वेळानं नाकाला उपरण्याचं टोक लावून खाली आले आणि म्हणाले, "उद्या सकाळी माणसं येतील. तोवर या पोरींना हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं पाणी द्या." एवढंच. आत्याला रागावले का, ते मला कळलं नाही. तिची नोकरी राहिली, एवढं खरं.

मेसमध्ये मी माझ्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. आज बाटली येणार नाही हे मी धरूनच चालले होते. पण आयाबाई आली, बाटली माझ्यासमोर ठेवली आणि गेली. रोजच्यापेक्षा काठोकाठ भरलेली.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. फिलोमिना.

"तुझं नाव कसं आलं त्यात?"

"तुम्ही जागा ठेवली होती ना माझ्यासाठी," मी म्हटलं. "कमलच्या आणि तुझ्या मधे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि मग जी हसत सुटली! टेबलावर डोकं टेकून हसली.

"जागा? अगं बाई, ताट मोठं झालं! वाटी घेऊया म्हणत होते मी, ही कमल म्हणाली सगळ्यांची नावं मावायची नाहीत, ताट घे. सगळ्यांची नावं लिहून झाली तरी गोल भरेना. आता काय करायचं, म्हणून तसाच दिला."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हती?"

"खरं सांगू? नव्हती. सुचलं असतं तरी ठेवली नसती."

असं तोंडावर बोलायची ती. मला राग यायला हवा होता, पण काय झालं कुणास ठाऊक, मीपण हसायला लागले. दुपारी ज्या जागेपायी मी आत्याशी भांडले ती कमल मोहितेचा अंदाज चुकल्यामुळे सुटलेली निघाली!

"पण हे काढलंस कुठून? हा मेला रॉबिन?" मी विचारलं. "तुझ्या रॉबिनपायी त्या बिचाऱ्या रूबेनची चौकशी झाली."

"पप्पा बोटीवर असतात ना, त्यांच्याकडून. शिडाच्या जहाजांच्या काळात कप्तान तक्रारीवर पहिलं नाव असेल त्याला फासावर द्यायचा म्हणे. म्हणून खलाशी गोल सह्या करायचे. फ्रेंच लोकांत रिबिनीला रुबाँ म्हणतात. गोल रिबीन. त्याचं इंग्रजांनी रॉबिन करून टाकलं. असं पप्पा सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पप्पा पुष्कळ थापा मारतात."

"म्हणजे रॉबिन म्हणजे आपली रिबीन?" कमल दोन खुर्च्या पलीकडून ओरडली. "वेणीला बांधतो ती?"

सगळं टेबल हसलं. आणि त्या गडबडीत फिलोमिनानं हात पुढे करून माझी बाटली उचलली, बूच काढलं, मान मागे टाकली आणि घटाघटा पाणी प्यायली. मनगटानं तोंड पुसलं आणि बाटली शेजारणीला दिली. तिनं कमलला दिली. कमलनं पुढचीला. बाटली टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, पलीकडच्या बाजूनं हातोहात परत आली, आणि फिरत फिरत माझ्यापुढे येऊन टेकली.

मी ती उचलून बघितली. मेल्यांनी माझ्यासाठी घोटभरसुद्धा ठेवलं नव्हतं.